चांगला ड्रायव्हर कसा ओळखावा आणि कसा टिकवावा?

व्यापार थोडा वाढला की दारात गाडी येते आणि गाडी आली की ड्रायव्हरचा प्रश्न येतो. नाशिकच्या कापड व्यापाऱ्याचे तर गाडीशिवाय चालतच नाही. मालेगाव, भिवंडी, सुरत, येवला अशा चारी दिशांनी आपला माल येतो. गाडी घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर ठोकून पाहतो. ड्रायव्हर ठेवताना मात्र एकच प्रश्न विचारतो, "पगार किती घेशील?" जो कमी सांगेल त्याच्या हाती चावी देऊन मोकळे होतो. लाखोंचा माल आणि घरच्यांचा जीव त्या चावीबरोबर जातो, याचा विचार फार थोडे लोक करतात.

पूर्वी मोठ्या लोकांच्या ड्रायव्हरला शोफर म्हणत. हा शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा मूळ अर्थ भट्टी तापवणारा असा आहे. सुरुवातीच्या काळात काही गाड्या वाफेवर चालत. गाडी तापवणे, दुरुस्त करणे आणि चालवणे हे सारे एकाच माणसाचे काम असे. म्हणजे ड्रायव्हर हा मुळात कारागीर आहे. विणकराला आपण जसे त्याच्या हातावरून ओळखतो, तसेच ड्रायव्हरलाही ओळखले पाहिजे.

परीक्षा कशी घ्यावी?

नवा माणूस ठेवण्याआधी त्याच्या शेजारी बसून एक फेरी मारावी. एकदा द्वारका चौकाच्या गर्दीतून आणि एकदा कसारा घाटातून. चावी लावण्याआधी तो गाडीभोवती एक चक्कर मारतो का? हवा, ऑईल, पाणी, दिवे पाहतो का? बसल्याबरोबर आरसे नीट करतो का? ज्याला ही सवय आहे, त्याला अर्धे गुण तिथेच द्यावेत.

पुढच्या गाडीपासून तो किती अंतर ठेवतो हेही पाहावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे जाते. समोरच्याने ब्रेक मारला हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद निघून जातो. माल भरलेली गाडी थांबायला तर आणखी जागा लागते. म्हणून खरा ड्रायव्हर ब्रेक कमी वापरतो, कारण त्याची नजर लांब असते. हॉर्नही तो कारणाशिवाय वाजवत नाही.

घाट उतरताना डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकणारे अनेक आहेत. काही महाभाग इंजिनही बंद करतात. असा माणूस फुकट मिळाला तरी ठेवू नये. गिअर काढला की इंजिनाचा अटकाव जातो, सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. इंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदतही संपते. जुने ड्रायव्हर सांगत की ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. हा सोपा हिशेब आजही खोटा ठरलेला नाही.

कागद तपासा

मोटार वाहन कायद्याप्रमाणे व्यवसायाचे वाहन चालवण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने असा निकाल दिला की हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवू शकतो. लहान टेम्पो बाळगणाऱ्या व्यापाऱ्यांना याने दिलासा मिळाला. त्याहून जड गाडीला मात्र वेगळा परवाना लागतोच. परवान्याची मुदत संपलेली असेल तर अपघातानंतर विम्याचे भांडण मालकाच्या गळ्यात पडते. म्हणून परवाना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा आणि वर्षातून एकदा ड्रायव्हरचे डोळेही तपासून घ्यावेत.

अमानतदारी

गाडीत बसून आपण भावाची बोलणी करतो, उधारीची रड गातो, घरच्या गोष्टीही बोलतो. ड्रायव्हर हे सारे ऐकतो. आपला खरेदीचा भाव दुसऱ्याच्या दुकानात पोचला नाही, तर समजावे की माणूस अमानतदार आहे. गाठी मोजून घेणारा, बिल्टी आणि ई-वे बिल सांभाळणारा, ढग दिसताच न सांगता ताडपत्री ओढणारा, डिझेलची पावती मागण्याआधी देणारा, घरच्या बायकामुलांना अदबीने नेऊन आणणारा असा ड्रायव्हर मिळाला तर तो पेढीचा माणूस समजावा. घासाघीस करून त्याला गमावू नये.

झोप: खरा दुश्मन

आता माझी स्वतःची चूक सांगतो. १९९८ ची गोष्ट. ईद तोंडावर होती आणि दुकानात माल कमी पडला होता. आमचे ड्रायव्हर वयाने मोठे, आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. ते दिवसभर मालेगावची फेरी करून आले होते. मी त्यांना रात्रीच सुरतेला जायला सांगितले. ते म्हणाले, "भाई, दोन तास पडू द्या, मग निघतो." मी म्हणालो, "चाचा, गिऱ्हाईक थांबणार नाही." परत येताना सापुताऱ्याचा घाट त्यांनी नीट पार केला, पण वणीच्या पुढे सरळ रस्त्यावर पहाटे डोळा लागला. टेम्पो बाभळीवर गेला. माल वाचला, चाचांचा पाय मोडला. इस्पितळात त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. तो पाय नंतर क्लचवर कधी नीट बसला नाही. त्यांच्या हातात खोट नव्हती, खोट माझ्या घाईत होती.

पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीर झोप मागतेच. चहा, तंबाखू, उघडी खिडकी याने झोप जात नाही, फक्त थोडी लांबते. गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन वीस मिनिटे डोळा लावणे हाच तिथल्या तिथे करण्यासारखा उपाय आहे. ६० च्या वेगात तीन सेकंदांची डुलकी लागली तर गाडी ५० मीटर आंधळी धावते.

१५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्री सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणारी गाडी समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ ट्रकवर आदळली आणि १२ जण गेले. दोष कोणाचा हे ठरवणे कोर्टाचे काम आहे. पण रात्रीचा लांब प्रवास सकाळवर टाकता येत असेल तर टाकावा, एवढा धडा तर आपण घ्यावा. सरळ, मोकळा रस्ता घाटापेक्षा जास्त झोप आणतो.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असे प्रमाण घातले होते. आता नव्या कामगार संहिता आल्या आहेत, पण माणसाचे शरीर तेच आहे. आपल्याकडे एकच ड्रायव्हर असला तरी हे प्रमाण पाळावे.

मालकाने काय करावे?

पगार ठरल्या तारखेला द्यावा. मुक्कामाचा भत्ता आणि झोपायला स्वच्छ जागा द्यावी. गाडी चालू असताना "कुठे पोचलास?" असा फोन करू नये; आपणच फोन करायचा आणि त्याने उचलला म्हणून रागवायचे, हे बरे नाही. त्याने "ब्रेक दाखवून घ्या" म्हटले तर त्याच दिवशी गाडी मेस्त्रीकडे पाठवावी. आणि त्याने "झोप येते" म्हटले तर ते कामचुकारपण समजू नये. हे खरे सांगणारा ड्रायव्हर मिळणे ही नशिबाची गोष्ट आहे.

व्यापारी बांधवांनो, माल एक दिवस उशिरा आला तर गिऱ्हाईक पुन्हा येते. चाचांना मी दोन तास दिले असते, तर ईदच्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी ईदगाहवर गेले असते.