किल्ली आणि तिचा राखणदार

आमच्या युनियनच्या कचेरीत पावतीपुस्तके चौघांकडे असतात, तिजोरीची किल्ली मात्र एकाकडे. काम अडू नये आणि कोणी काय केले हे कळावे, एवढाच हेतू.

युनिक्स व लिनक्स जातीच्या संगणकांवर 'रूट' हा सर्वाधिकारी असतो. त्याचा परवलीचा शब्द दहाजणांना सांगितला, की जाब कोणाला विचारणार? यावर १९८० च्या सुमारास अमेरिकेतील बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी 'सुडू' ही आज्ञा लिहिली. सुडाशी तिचा संबंध नाही! जो तो आपलाच परवलीचा शब्द देतो. कोणी कोणते काम करावे ते यादीत असते आणि केल्याची नोंद राहते.

पण कुलूपच सदोष असेल तर? २०११ साली सुडूत शिरलेली एक चूक २०२१ च्या जानेवारीत उघडकीस आली. यादीत नाव नसलेला साधा वापरकर्ताही त्या फटीतून सर्वाधिकारी होऊ शकत होता. चूक जाहीर होतानाच दुरुस्तीही निघाली.

म्हणून यादी आखूड ठेवावी, ती 'विसुडू'नेच बदलावी, कारण ते लिहिण्यातली चूक पकडते. आणि दुरुस्त्या वेळेवर घ्याव्यात.

या दुरुस्त्या करतो कोण? टॉड मिलर नावाच्या गृहस्थांनी तीस वर्षांहून अधिक काळ हे कुलूप सांभाळले. तरी पुढील कामासाठी आर्थिक आधार हवा, असे त्यांना जाहीरपणे लिहावे लागले. कुलूप फुकट मिळाले, म्हणून राखणदाराचे श्रम फुकट ठरत नाहीत.