होडीच्या इंजिनात शिरणारी हवा

आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि ज्या गावाचे नाव तालुक्यास आहे, ते आंबेगावच जलाशयाखाली गेले. पाणी डोंगरांच्या खोबणींत दूरवर शिरले. जुन्नरमधील माणिकडोह जलाशयाचेही तसेच. अशा ठिकाणी पलीकडे जावयाचे तर लांबचा वळसा, नाही तर होडी. होडीस आऊटबोर्ड मोटार असेल आणि ती भर पाण्यात बंद पडली, तर पावसाळी वाऱ्यात उतारूंचे काय होईल हे सांगावयास नको.

इंजिन सुरू होते, थोडा वेळ नीट चालते आणि वेग देताच बंद पडते, असे घडू लागले की पेट्रोलच्या नळीत हवा शिरत असल्याचा संशय घ्यावा. नळी कोरडी आहे म्हणून ती निर्दोष, हा समज चुकीचा होय. टाकी खाली असते व इंजिनाचा पंप पेट्रोल वर ओढतो. त्यामुळे बारीक चिरेतून पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत जाते. विहिरीवरील पंपाच्या सक्शन पाइपाचा सांधा सैल झाला म्हणजे पंप पाणी सोडतो, हे प्रत्येक बागाईतदार जाणतो. प्रकार तोच.

नळीवरील रबरी फुगा दोष कोठे आहे ते बरेचसे सांगतो. इंजिन चालू असता तो आत ओढला जाऊन चपटा झाला, तर टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू बंद राहिला असावा किंवा टाकीकडील वाट तुंबली असावी. तो मऊ पडत असेल आणि दाबताच इंजिन पुन्हा जोर धरत असेल, तर सांधे, क्लिपा व जोडणीतील रबरी कड्या पाहाव्यात. काठावर इंजिन बंद ठेवून, बाण वर करून फुगा घट्ट होईपर्यंत दाबावा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे किंवा पेट्रोल दिसेल तेथे दोष. (या वेळी जवळपास कोणी विडी ओढू नये.) टाकीत पेट्रोल अगदी कमी असल्यास लाटांच्या हेलकाव्यानेही हवा ओढली जाते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलास न टिकणाऱ्या जुन्या नळ्या तर बदलाव्यातच.

फुगा दाबीत कसाबसा काठ गाठणे ही दुरुस्ती नव्हे. पेट्रोलातच तेल मिसळावे लागणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनात हवा शिरली की तेलही कमी पोहोचते आणि पिस्टन जाम होऊ शकतो. मग फुगा कितीही दाबला तरी उपयोग नाही. होडीत वल्ही असावी लागतात.