खुब्याचा एमआरआय करायला जाताय? आधी एवढे वाचा

“डॉक्टर, कंबरेचा एमआरआय काढून आणला. त्यात काही विशेष नाही म्हणतात, पण दुखणे तसेच आहे.” अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला मी आधी एकच विचारतो: बोट ठेवून दाखवा, नेमके कुठे दुखते?

बोट पाठीच्या खालच्या भागावर गेले, तर प्रश्न बहुधा मणक्याचा असतो. ते जांघेत गेले, तर मात्र खुब्याच्या सांध्याचा संशय घ्यायला हवा. आपल्या साखरा, सेनगाव भागात ‘कंबर’ या एका शब्दात पाठ, कुल्ला, खुबा सगळे येते. सेंटरवर जाऊन ‘कंबरेचा एमआरआय’ म्हटले, की मणक्याचा निघतो. त्यात खुब्याचा सांधा तपासलेला नसतो. हजारो रुपये जातात, हिंगोली किंवा नांदेडची खेप होते, आणि ज्या सांध्यात दोष आहे तो तसाच राहतो.

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते ओटीपोटाच्या हाडातल्या वाटीत बसते. हा झाला खुब्याचा सांधा. त्याचे दुखणे जांघेत जाणवते, मांडीच्या पुढच्या बाजूने उतरते आणि कधी कधी फक्त गुडघ्यातच दुखते. पंगतीत मांडी घालून बसता येत नाही, उकिडवे बसताना जांघेत कळ येते, मोटारसायकलवर टांग टाकताना अडखळायला होते. ही लक्षणे असतील तर डॉक्टरांना ती याच शब्दांत सांगा. चार ते आठ वर्षांचे मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल, तर त्याचाही खुबा तपासून घ्यायला हवा.

एक्स-रे नॉर्मल आहे, मग एमआरआय कशाला?

सुरुवात एक्स-रेनेच करावी. तो स्वस्त आहे, लगेच होतो आणि झिजलेला सांधा किंवा सरळ मोडलेले हाड त्यात दिसते. पण काही आजार सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाहीत, आणि नेमके तेच लवकर सापडणे महत्त्वाचे असते.

त्यातला सर्वांत मोठा म्हणजे अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, थोडक्यात एव्हीएन. यात मांडीच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि आतले हाड मरू लागते. पहिल्या टप्प्यात एक्स-रे अगदी स्वच्छ असतो, एमआरआयमध्ये मात्र दोष दिसतो. गोल शाबूत असेपर्यंत हाडात छिद्र पाडून आतला दाब कमी करणे, औषधे, वजन उचलणे बंद करणे असे उपाय करून सांधा वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. गोल एकदा चेपला, की बहुतेकांची गाडी सांधा बदलण्याच्या ऑपरेशनवर येऊन थांबते. हा आजार म्हातारपणाचा नाही. तीस-चाळिशीतल्या कमावत्या माणसांना तो होतो, म्हणून तीन-चार महिने नुसत्या दुखण्याच्या गोळ्यांवर काढणे महागात पडते.

स्टिरॉइड आणि दारू ही त्याची दोन नेहमीची कारणे. सिकलसेल हे आणखी एक. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कोविडनंतर एव्हीएन झालेल्या तीन रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तिघांनाही कोविडमध्ये स्टिरॉइड दिलेले होते. त्या काळात स्टिरॉइडने अनेकांचे प्राण वाचवले, त्यामुळे औषधाला शिव्या देण्यात अर्थ नाही. मात्र सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्या आणि ‘जडीबुटी’च्या गोळ्या यांचे मला वावडे आहे. अशा काही औषधांत स्टिरॉइड मिसळलेले सापडते, आणि ते किती घेतले हे रुग्णाला ठाऊकच नसते. असले काही घेतले असेल तर लाजू नका, सांगा. त्यावरून तपासणीची दिशा ठरते.

दुसरा प्रसंग घरातल्या वयस्कर माणसाचा. आजी न्हाणीत घसरली, एक्स-रेत हाड मोडलेले दिसत नाही, पण पाय टेकवता येत नाही. अशा वेळी खुब्याजवळच्या हाडाला बारीक तडा असू शकतो आणि एमआरआयमध्ये तो दिसतो. चोळायला, बसवायला कुणाकडे नेऊ नका. तडा सरकला तर साधे ऑपरेशन मोठे होऊन बसते.

खुब्याचा क्षयही असतो. संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन आणि रात्री वाढणारी कळ एकत्र असेल, तर एमआरआयबरोबर इतर तपासण्याही लागतात.

चिठ्ठीवर काय लिहिले आहे?

घर सोडण्याआधी चिठ्ठी वाचून घ्या, नाहीतर शिकलेल्या पोराकडून वाचवून घ्या. ‘दोन्ही खुबे’ असे लिहिले आहे का? एव्हीएन अनेकदा दोन्ही बाजूंना असतो आणि न दुखणाऱ्या बाजूचा दोष लवकर सापडला तर फायदा जास्त. एकाच बाजूचे लिहिले असेल तर डॉक्टरांना विचारा. एव्हीएन किंवा तडा शोधायला शिरेतून औषध देण्याची गरज सहसा नसते. जंतुसंसर्ग किंवा गाठीचा संशय असेल तर ते लागू शकते, आणि मग आधी क्रिएटिनिन तपासून मूत्रपिंडाचे काम पाहतात. औषध देणार नसतील आणि गुंगीही देणार नसतील, तर उपाशी राहायचे कारण नाही. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या घेऊन जा. खर्च फोनवर आधी विचारा, दोन्ही खुब्यांचा एकत्र किती असे स्पष्ट विचारा.

लोखंड बाहेर, माणूस आत

एमआरआयमध्ये एक्स-रेसारखे किरण नसतात. असते ते प्रचंड ताकदीचे चुंबक, आणि ते तपासणी संपल्यावरही बंद होत नाही. रात्री, सुट्टीच्या दिवशी, खोली रिकामी असतानाही ते चालूच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात एका नातेवाइकाला ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत जाऊ दिले गेले. बत्तीस वर्षांचा तो तरुण सिलिंडरसकट मशीनकडे खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. त्याआधी २०१४ मध्ये खारघरच्या टाटा केंद्रात दोन कर्मचारी सिलिंडर आणि मशीनच्या मध्ये काही तास अडकून पडले होते. म्हणून ‘मशीन बंद आहे, या आत’ असे कुणीही म्हटले तरी अंगावर लोखंड घेऊन त्या दाराच्या आत पाऊल टाकू नका. सोबत आलेल्यांनाही हेच लागू आहे.

काय काढायचे? मोबाइल, किल्ल्या, घड्याळ, एटीएम कार्ड, पट्टा ही यादी तिथे सांगतातच. आपल्याकडचे काही मागे राहते ते मी सांगतो. कमरेचा करदोटा: त्यात चांदीचा मणी, पेटी किंवा किल्ली असते आणि तो नेमका खुब्यावरच येतो. दंडातला ताईत, जोडवी, पैंजण, मंगळसूत्र, नथ. चुन्याची डबी. परकराच्या नाडीला लावलेली सेफ्टी पिन. केसातले आकडे. जोडवी निघत नसतील तर घरीच साबण लावून काढा, तिथे आयत्या वेळी धांदल होते. दागिने घरी ठेवलेले बरे.

शरीराच्या आतले धातू जास्त महत्त्वाचे. पेसमेकर असेल तर आधीच सांगा. काही नव्या पेसमेकरवर ठरावीक काळजी घेऊन तपासणी करता येते, पण त्याचे कार्ड पाहिल्याशिवाय कुणी हात लावू नये. मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप आणि कानातले बसवलेले यंत्र यांचेही तसेच. हृदयातला स्टेंट आणि हाडातली रॉड किंवा प्लेट असताना बहुतेक वेळा तपासणी होऊ शकते, मात्र ऑपरेशनचा कागद सोबत न्या. खुब्याजवळच स्क्रू असतील तर चित्र तिथे बिघडते. वेल्डिंग किंवा ग्राइंडरचे काम करणाऱ्यांच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर ते अवश्य सांगा, आधी डोळ्याचा एक्स-रे काढून पाहतात. गर्भ राहिल्याची शक्यता असेल तरी सांगा. गोंदण असले तर घाबरू नका, तिथे गरम वाटले तर लगेच कळवा.

आत काय होते

उताणे झोपवतात, पाय थोडे आत वळवून पट्टीने बांधतात. खुब्याच्या तपासणीत बहुतेक ठिकाणी पाय आधी आत जातात, त्यामुळे डोके बोगद्याच्या तोंडाजवळ राहते. मेंदूच्या तपासणीइतके कोंडल्यासारखे वाटत नाही. उघड्या मांड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये कापड किंवा उशी असावी, नाहीतर तिथे चटका बसू शकतो. हातही एकमेकांत गुंफू नका.

साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो. आवाज पत्रा बडवल्यासारखा येतो, कानात बोळे देतात, न दिल्यास मागून घ्या. हातात एक रबरी फुगा असतो. तो दाबला की तंत्रज्ञ थांबतो. हलू मात्र नका, हललात तर चित्र धूसर होते आणि पुन्हा काढावे लागते. दुखण्यामुळे तेवढा वेळ पाय सरळ ठेवणे जमणार नसेल, तर जाण्याआधी दुखण्याची गोळी घ्यावी का हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. बंद जागेची भीती असेल तर तेही आधी सांगा.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्ट वाचून स्वतःच घाबरून जाऊ नका. ‘थोडे पाणी’, ‘लेब्रमला चीर’ असल्या नोंदी काहीही न दुखणाऱ्या माणसांतही सापडतात. त्यांना अर्थ येतो तो तुमच्या तपासणीशी जुळवल्यावर. पण ‘एव्हीएन’ लिहिले असेल तर पुढे ‘स्टेज’ कोणती ते पाहा. एक किंवा दोन असेल तर गोल अजून चेपलेला नाही, म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांना महिन्याने नव्हे, याच आठवड्यात दाखवा. हळदीची काढणी असो की लग्नसराई. तोवर पोती उचलू नका आणि काठी घेऊन चाला, ती दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची. जाताना फिल्म किंवा सीडी आणि जुना एक्स-रे सोबत न्या. नुसता कागद पुरत नाही, तज्ज्ञ स्वतः चित्र पाहतात.