डोळे धावतात, कान बसून असतात

सुरुवात जांभईने होते. खेळणाऱ्याला वाटतं, झोप येतेय. मग तोंडात लाळ जास्त येऊ लागते, कपाळावर गार घाम जमतो, चेहरा उतरतो, डोकं जड होतं आणि पोटात ढवळायला लागतं. तोवर पडद्यावरचा नायक बोगदे ओलांडून, जिने चढून कुठल्या कुठे पोचलेला असतो. त्याला चालवणारा मात्र खुर्चीतून तसूभरही हललेला नसतो.

घाटात गाडी लागते, हे सगळ्यांना पटतं. घरात पंख्याखाली बसल्या जागी गाडी लागल्यासारखं व्हावं, हे घरच्यांच्या गळी उतरत नाही. मग ‘उपाशीपोटी बसलास’, ‘डोळे तपासून घे’ असे अंदाज सुरू होतात. मित्रमंडळींचा सल्ला त्याहून सोपा असतो: ‘खेळत राहा, सवय होईल.’ या सगळ्यामागे एकच समज आहे, की दोष खेळणाऱ्यात आहे. गेल्या सत्तर वर्षांतलं संशोधन वेगळं सांगतं. ही मळमळ होण्यासाठी शरीराची तोल सांभाळणारी यंत्रणा शाबूत असावी लागते. त्यामुळे सुधारायचं असेल तर आधी खेळाकडे पाहायला हवं.

कानातला तोल

आपल्या आंतरकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या द्रवाने भरलेल्या असतात. डोकं वळलं की नलिका लगेच वळते, आतला द्रव मात्र क्षणभर मागे राहतो. त्या फरकामुळे संवेदनशील पेशींवरचे केसासारखे तंतू वाकतात आणि ‘डोकं फिरलं’ ही वर्दी मेंदूला मिळते. शेजारी दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांतले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक गुरुत्वाकर्षणाची आणि सरळ रेषेत वाढणाऱ्या किंवा कमी होणाऱ्या वेगाची खबर देतात. कान हे काम रात्रंदिवस करत असतो.

डोळ्यांची साक्ष वेगळी. आपण लोकलमध्ये बसलेले असतो, शेजारच्या रुळावरची गाडी सुटते आणि क्षणभर आपलीच गाडी निघाल्यासारखं वाटतं. दृष्टीचा बराचसा भाग व्यापणारं दृश्य एका दिशेने सरकलं, की मेंदू ‘मीच सरकतोय’ असा अर्थ लावतो. या भासाला शास्त्रात व्हेक्शन म्हणतात. स्टेशनात तो फार टिकत नाही, कारण नजर फलाटावरच्या खांबाकडे जाते आणि खांब हललेला नसतो.

नायकाच्या डोळ्यांतून जग दाखवणाऱ्या खेळांत असा खांब सहसा नसतो. ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ (१९९२) आणि ‘डूम’ (१९९३) या खेळांनी ही पद्धत लोकप्रिय केली. अशा खेळांत अख्खा पडदा नायकाबरोबर वळतो, पळतो, उडी मारतो. डोळे सांगतात, आपण धावतोय. कान सांगतो, आपण बसलेलो आहोत. दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नसतं, आणि मेंदूपुढे न जुळणाऱ्या दोन साक्षी येऊन पडतात.

पत्ते खेळणारे अकरा जण

या यंत्रणेत कानाचं वजन किती, हे दाखवणारा एक विलक्षण प्रयोग अंतराळयुगाच्या उंबरठ्यावर झाला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय संशोधकांनी आणि नासाने वॉशिंग्टनच्या गॅलोडेट कॉलेजमधून अकरा कर्णबधिर पुरुषांची निवड केली. त्यांच्यापैकी दहा जणांना मेंदुज्वराने बहिरेपण आलं होतं. त्या आजाराने ऐकण्याबरोबर आंतरकर्णातली तोल सांभाळणारी यंत्रणाही निकामी केली होती. पुढची सुमारे दहा वर्षं हे लोक प्रयोगांत सहभागी होत राहिले. चौघे जण सतत गोल फिरणाऱ्या खोलीत बारा दिवस राहिले. क्षणभर वजनरहित अवस्था देणाऱ्या विमानांतूनही त्यांनी उड्डाणं केली.

एकदा नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्याजवळ खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीने नेलं. बोट लागते का, हे तपासायचं होतं. हे सगळे मजेत पत्ते खेळत बसले. तपासायला आलेल्या संशोधकांनाच बोट अशी लागली की प्रयोग गुंडाळावा लागला. अंतराळवीरांच्या तयारीत या अकरा जणांचा मोठा वाटा आहे, आणि त्यांची नावं आजवर फार थोड्यांना ठाऊक आहेत.

हाच धागा पडद्यापर्यंत येतो. १९९१ मध्ये कॅनडातील संशोधकांनी दोन गटांना फिरतं दृश्य दाखवलं. एका गटाचा आंतरकर्ण चांगला होता, दुसऱ्याचा दोन्ही बाजूंनी निकामी. आपणच फिरतोय असा भास दुसऱ्या गटालाही झाला, पण मळमळ झाली नाही. डोळ्यांना चकवा बसला, तरी त्याला हरकत घेणारा कान नसेल तर पोट शांत राहतं.

याची दुसरी बाजू वैमानिकांनी दाखवली. हेलिकॉप्टर शिकवण्यासाठी अमेरिकी नौदलाने आणलेल्या सिम्युलेटरमध्ये बसणाऱ्यांना मळमळतं, हे १९५७ मध्ये नोंदवलं गेलं. त्यात नवशिक्यांपेक्षा मुरलेल्या प्रशिक्षकांना जास्त त्रास झाला. खरं हेलिकॉप्टर कसं हलतं, हे ज्यांच्या अंगात भिनलेलं होतं, त्यांनाच नकलेतली गफलत जास्त खुपली.

पोटाचा काय संबंध?

साक्षी जुळल्या नाहीत म्हणून उलटी का व्हावी, यावर अजून एकमत नाही. मिशेल ट्राइसमन यांनी १९७७ मध्ये मांडलेली कल्पना सर्वांत परिचित आहे. निसर्गात डोळ्यांचा आणि तोलाचा मेळ अचानक बिघडला, तर विषारी काही पोटात गेल्याची शक्यता असते. ते बाहेर काढण्याची शरीराची जुनी सोय पडद्यासमोरही जागी होते. रिचिओ आणि स्टॉफ्रेगन यांनी १९९१ मध्ये वेगळी बाजू मांडली: माणूस आपल्या शरीराची ठेवण स्थिर राखू शकत नाही, तेव्हा त्रास सुरू होतो. डोकं टेकवून, पाठीला आधार देऊन बसण्याचा सल्ला या विचाराशी जुळतो.

मेनूतली दुरुस्ती

बऱ्याचशा खेळांत उपाय सेटिंग्जच्या पानावरच असतो, फक्त तिथे कुणी जात नाही. पहिली गोष्ट फील्ड ऑफ व्ह्यू. म्हणजे पडद्यातून जगाचा किती रुंद तुकडा दिसतो ते. समजा तो ६० अंशांवर आहे आणि नायक काटकोनात वळला. ढोबळमानाने पडद्याच्या दीडपट रुंदीचं दृश्य डोळ्यांसमोरून सरकून जातं. तोच आकडा ९० केला, तर त्याच वळणाला एकपट रुंदीचंच दृश्य सरकतं. झपाटा कमी होतो. टीव्हीवर दुरून खेळण्यासाठी ठेवलेला अरुंद कोन जवळच्या मॉनिटरवर त्रास देतो, तो बराचसा यामुळे. तिथे आकडा थोडा थोडा वाढवत न्यावा.

दुसरी गोष्ट, चालताना कॅमेरा वरखाली हलवणारा हेड बॉब आणि स्फोटाच्या वेळचा कॅमेरा शेक. आपण खरोखर चालतो, तेव्हा डोळे आणि कान मिळून हे हिंदकळणं सावरून घेतात, म्हणून जग स्थिर दिसतं. खेळात ते सावरणारं कुणी नसतं. दोन्ही बंद करावेत. वळताना चित्र पुसट करणारा मोशन ब्लरही बंद करावा. चित्र अडखळत असेल तर सजावट कमी करून फ्रेम रेट वाढवावा. माउसची संवेदनशीलता इतकी नसावी की मनगट हललं आणि जग गरकन फिरलं.

तिसरी गोष्ट म्हणजे तो स्थिर खांब. पडद्याच्या मधोमध न हलणारा ठिपका ठेवण्याची सोय काही खेळांत असते. खोलीत दिवा चालू ठेवला आणि थोडं मागे सरून बसलं, की पडद्याभोवतीची भिंत, टेबल दिसत राहतं आणि तेही हेच काम करतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात २०१५ मध्ये याची गमतीदार चाचणी झाली. आभासी जगात पाहणाऱ्याला स्वतःच्या नाकाचं टोक दिसेल अशी सोय केली. एका शांत घरातून फिरताना नाक असलेले लोक सरासरी दीड मिनिट जास्त वेळ त्रासाविना राहिले. नाक दिसत होतं, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर संचात प्रश्न जास्त टोकाचा होतो, कारण बाहेरचं काहीच दिसत नाही. मान वळल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ २० मिलिसेकंदांच्या आत ठेवण्याची धडपड त्यासाठीच असते. चालण्याऐवजी एका जागेहून दुसऱ्या जागी थेट उडी घेण्याची सोय, वेगात जाताना कडा अंधारवण्याची युक्ती, हे सगळे त्याचेच उपाय.

एक नियम मात्र कुठल्याच मेनूत नसतो. पहिल्या जांभईला, पहिल्या घामाला थांबायचं. सवय होते हे खरं आहे, पण ती थोड्या थोड्या वेळाच्या, त्रास सुरू होण्याआधी थांबवलेल्या खेळांतून, दिवसांमागून दिवस. मळमळ अंगावर काढून खेळत राहिलं, तर पुढचे काही तास वाया जातात. तेवढ्या वेळात दुचाकी काढू नये. प्रवासाच्या गोळीने अनेकदा झोप येते, त्यामुळे खेळण्यासाठी ती घेण्यात अर्थ नाही. अर्धशिशी असलेल्यांना हा त्रास जास्त होतो. खेळ बंद असतानाही गरगरत असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं.

शेजारी बसून नुसतं पाहणाऱ्याला अनेकदा खेळणाऱ्याहून जास्त मळमळतं, कारण पुढचं वळण कधी येणार हे त्याच्या हातात नसतं. गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, तेच इथे. म्हणून भावंडं एकत्र खेळत असतील, तर ज्याला त्रास होतो त्याच्या हाती कंट्रोलर द्यावा आणि सेटिंग्ज त्याच्या सोयीने लावाव्यात.

पुण्या-मुंबईतही आज खेळ तयार करणारे स्टुडिओ आहेत आणि तिथे मराठी मुलं-मुली काम करतात. त्यांच्याकडे एक मागणी आहे. हेड बॉब बंद करण्याचं बटण, रुंद करता येणारा कोन, मधला ठिपका, यांतलं काहीही महागडं तंत्रज्ञान नाही. हे पर्याय मेनूच्या तळाशी लपवू नका. खेळ पहिल्यांदा उघडताना आवाज आणि भाषा विचारता, त्याच पानावर हेही विचारा. ज्यांचा तोल शाबूत आहे, त्यांना त्या कारणाने खेळाबाहेर राहावं लागू नये.