पैसे दिले म्हणजे मालकी आली का?

आज आपल्या वस्त्यांतील अनेक मुले-मुली संगणक शिकून वेबसाईट तयार करण्याची कामे घेऊ लागली आहेत. बचत गट, शिकवणी वर्ग, छोटे दुकानदार यांनाही आपली वेबसाईट असावी असे वाटते. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु हा व्यवहार बहुधा तोंडी होतो. 'आपलाच पोरगा आहे, कागद कशाला?' असे म्हणून काम सुरू होते. पुढे बिनसले की एकाचे पैसे बुडतात आणि दुसऱ्याची मेहनत. म्हणून कायदा काय सांगतो, हे दोघांनीही समजून घेतले पाहिजे.

समजा, एका महिला बचत गटाने पापड-मसाल्यांच्या विक्रीसाठी ओळखीच्या तरुणाकडून वेबसाईट करून घेतली. मजकूर त्याने लिहिला, प्रोग्रॅमही त्यानेच तयार केला. गटाने ठरलेले पैसे चुकते केले. आता या साऱ्याचा मालक कोण? कोणीही म्हणेल, गट. पण कॉपीराईट कायदा, १९५७ चे कलम १७ तसे म्हणत नाही. ज्याने निर्मिती केली तो पहिला मालक, हा मूळ नियम आहे. संगणकाचा प्रोग्रॅमही या कायद्याने साहित्यकृतीतच धरला आहे. तो तरुण गटाच्या नोकरीत असता आणि नोकरीचा भाग म्हणून त्याने हे केले असते, तर वेगळा करार नसताना मालकी गटाची झाली असती. स्वतंत्रपणे काम घेणाऱ्याचा हक्क मात्र त्याच्याकडेच राहतो. गटाला वेबसाईट वापरता येते. पण तोच प्रोग्रॅम दुसऱ्याला विकायचा म्हटले तर अडचण येते.

फोटोंची गोष्ट निराळी आहे. मोबदला देऊन फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्यांचा हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे एकाच वेबसाईटवरील पापडांचे फोटो गटाचे आणि प्रोग्रॅम त्या तरुणाचा, असे होऊ शकते!

मग मालकी घ्यायची कशी? कलम १९ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच दुसऱ्याला देता येतो. तोंडी शब्द इथे चालत नाही. कोणती कृती, कोणते हक्क, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे कागदावर यावे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच मिळतो. वेबसाईट तर जगभर दिसते!

वेबसाईटच्या नावाकडेही लक्ष द्यावे. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले, की डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते. म्हणून नावाची नोंदणी गटाच्याच नावाने करावी आणि पासवर्ड गटाकडे ठेवावा. पुष्कळदा काम करणारा ती आपल्या नावाने करून टाकतो आणि भांडण झाले की दुकानाची पाटीच दुसऱ्याच्या हातात जाते.

आता काम करणाऱ्या तरुणांसाठी दोन शब्द. इंटरनेटवर सापडलेला फोटो, गाणे किंवा लेख फुकटचा नसतो. कॉपीराईटला नोंदणी लागत नाही, चिन्हही लागत नाही. भारत बर्न करारात सामील असल्याने परदेशी कृतींनाही येथे संरक्षण आहे. खाली लेखकाचे नाव घातले म्हणजे परवानगी मिळाली, असेही नाही. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांचे असे लेखन २०११ पासून सर्वांना खुले आहे. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांच्या कादंबऱ्यांवरील हक्क ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत आहे. जाणूनबुजून हक्कभंग केल्यास कलम ६३ प्रमाणे ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. नफ्यासाठी केलेले नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. उचललेल्या फोटोपायी तक्रार आली तर वेबसाईट चालवणाऱ्या गटालाही उत्तर द्यावे लागते. म्हणून फोटो कोठून घेतला, हे गटातील भगिनींनी आधीच विचारावे.

कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, हा समज आपण टाकून दिला पाहिजे. काम किती, पैसे किती व केव्हा, मालकी कोणाची, देखभाल कोण करणार, एवढे साध्या मराठीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि एकेक प्रत जपून ठेवावी. त्या तरुणाला त्याच्या कष्टाचे दाम मिळेल, गटाला आपले दुकान आपल्या हाती ठेवता येईल आणि शेजारधर्मही टिकेल.