घाटातून मदतीची हाक

28 जुलै 2018. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचारी सहलीसाठी महाबळेश्वरला निघाले होते. आंबेनळी घाटात त्यांची बस शेकडो फूट खोल दरीत कोसळली. एकच जण वाचला. तो कसाबसा चढून रस्त्यावर आला, तेव्हा बाहेर खबर गेली. माणसे रत्नागिरी जिल्ह्यातली, अपघाताची जागा रायगड जिल्ह्यात आणि दोर लावून दरीत उतरलेल्यांत सातारा जिल्ह्यातले महाबळेश्वरचे ट्रेकर्स! अशा वेळी पोलीस, महसूल, आरोग्य खाते, एनडीआरएफ या सर्वांना एकच आणि अचूक माहिती मिळणे फार मोलाचे असते.

कोकणातली आपली कितीतरी कुटुंबे ईदनंतर किंवा शाळेच्या सुटीत याच घाटाने वर जातात. म्हणून ही व्यवस्था कशी चालते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

112 क्रमांकावर केलेला फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो. तिथली नोंद जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाकडे जाते आणि तिथून जवळच्या पोलीस गाडीला कळवले जाते. 108 रुग्णवाहिकेचे नियंत्रण पुण्यातून होते. म्हणजे फोन उचलणाऱ्याने आपला घाट पाहिलेला असेलच असे नाही. ‘घाटात अपघात झालाय, लवकर या’ एवढ्यावरून त्याला जागा कळत नाही. घाटाचे नाव, आपण कुठून कुठे निघालो, मागे गेलेले गाव किंवा किलोमीटरचा दगड, जखमी किती, हे सांगा. गाडी रस्त्यावर आहे की दरीत, हेही सांगा. दरीत असेल तर दोरवाले पथक लागते. बोलायचे काम एकानेच करावे आणि त्याचा फोन नंतर मोकळा ठेवावा. दहा जणांनी दहा गोष्टी कळवल्या, तर त्या जुळवण्यातच वेळ जातो.

आपल्या कंपनीची रेंज नसली तरी 112 लावून पाहा. दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. तोही लागला नाही, तर येणाऱ्या गाडीतून एखाद्याला जवळच्या पोलीस चौकीकडे पाठवा. मोबाईल बंद पडले तरी पोलिसांचे बिनतारी संच चालू राहू शकतात. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस पडला, आंबेनळीचा रस्ता खचला, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावसारख्या गावांवर दरडी कोसळल्या. अशा दिवसांत एकट्या मोबाईलवर विसंबून चालत नाही.

मात्र पोलिसांच्या संचावरचे बोलणे रुग्णवाहिकेला किंवा ट्रेकर्सना आपोआप ऐकू जात नाही. म्हणून घटनास्थळी एका अधिकाऱ्याने सर्वांचे निरोप एकत्र करावे लागतात. सातारा व रायगड या दोन्ही जिल्ह्यांच्या यंत्रणांनी पावसाळ्यापूर्वी घाटात एकत्र सराव करावा, अशी मागणी आपण नागरिकांनी जरूर करावी.

सफरीची दुआ पढूनच आपण घर सोडतो. पण तवक्कुल म्हणजे तयारी सोडून बसणे नव्हे. संकटात सापडलेल्याची खबर ही आपल्या हातातली अमानत आहे. ती आहे तशी, न वाढवता पोहोचवावी. येत्या सफरीआधी 112, 108 आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077 हे क्रमांक कागदावर लिहून गाडीत ठेवा आणि मुलांकडूनही पाठ करून घ्या.