पाच आकड्यांतली हवा

ऑगस्टच्या मध्यापासून थंडीत पहिलं दव गोठेपर्यंत अमेरिकेच्या हवेत रॅगवीड नावाच्या तणाचे परागकण असतात. आपल्या गाजर गवताच्याच कुळातलं हे तण. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही त्या महिन्यांतल्या शिंका आणि डोळ्यांची खाज ओळखीची झाली आहे. संपादकांना ॲलर्जीच्या अंदाजांवर लेख हवा होता. मी मात्र रेंगाळलो ते अंदाज आणून देणाऱ्या एका छोट्या लायब्ररीपाशी, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या तयार कोडच्या संचापाशी. तिचं नाव पायआयक्यूव्हिया.

या नावामागे एक कंपनी आहे. क्विंटाइल्स आणि आयएमएस हेल्थ या कंपन्या २०१६ मध्ये एक झाल्या आणि २०१७ मध्ये त्यांनी आयक्यूव्हिया हे नाव घेतलं. या कंपनीचा मुख्य व्यवसाय औषधांच्या चाचण्या आणि आरोग्यविषयक माहितीचा. पोलन डॉट कॉम हे संकेतस्थळ तिचंच. तिथे अमेरिकेतला पाच आकडी झिप कोड टाकला की त्या भागाचा ॲलर्जी निर्देशांक दिसतो, ० ते १२ मधला. ९.७ च्या पुढे गेला की दम्याच्या माणसाने खिडक्या लावून घ्याव्यात. लायब्ररी हाच आकडा प्रोग्रामच्या हाती देते. शिवाय दमा आणि सर्दी-फ्लूचे अंदाजही देते.

तिची खरी गंमत माहिती मागण्याच्या पद्धतीत आहे. घरातले दिवे, पंखे, कुलपं एका जागेवरून चालवणाऱ्या होम असिस्टंट या मुक्त प्रणालीत ती वापरली जाते. त्या प्रणालीचा गाभा एकाच इव्हेंट लूपवर, म्हणजे कामं एकामागून एक हाती घेणाऱ्या चक्रावर, फिरतो. दूरच्या सर्व्हरकडे आकडा मागून लूप तिथेच थांबला, तर उत्तर येईपर्यंत झोपण्याच्या खोलीतला दिवासुद्धा लागणार नाही. कुकर लावल्यावर शिट्टी होईपर्यंत कोणी ओट्याशी हात बांधून उभं राहत नाही. ही लायब्ररीही तशीच वागते. विनंती पाठवते, लूप मोकळा करते आणि उत्तर आलं की सोडलेल्या ओळीपासून काम पुढे नेते. ॲलर्जी, दमा आणि फ्लू या तिन्ही विनंत्या एकदम सोडता येतात. एकूण वेळ साधारण सर्वांत संथ उत्तराएवढा. दर वेळी नवी जोडणी उघडायची नसेल तर एकच सेशन पुन्हा पुन्हा वापरता येतं. पायथनमध्ये अशा कामासाठीचे असिंक आणि अवेट हे शब्द २०१५ साली, ३.५ या आवृत्तीत आले. त्या सोयीचा इतका नेटका वापर पाहून मला मनापासून आनंद झाला.

काळजी वाटते ती पुढे. ही माहिती संकेतस्थळ स्वतःच्या पानांसाठी पुरवतं. लायब्ररी त्याच वाटेने ती उचलते. कंपनीने वाट बदलली की कोड कितीही चोख असला तरी हाती काही येत नाही, आणि दाद मागायला जागा नाही. झिप कोड असलेल्या अमेरिकेबाहेर तिचा उपयोग शून्य. त्यातून मिळतो तोही निर्देशांक. एका घनमीटर हवेत किती परागकण होते, हे त्यावरून कळत नाही. ज्याची ॲलर्जी ओक झाडाची आहे आणि ज्याची गवताची, त्या दोघांना एकच आकडा. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे असली लायब्ररी लिहायला काही दिवस पुरतात, पण तिच्यामागची मोजणी वर्षानुवर्षं रोज करावी लागते. हवा ओढून घेणारं यंत्र, चिकट पट्टी, सूक्ष्मदर्शक आणि कण ओळखणारा तयार डोळा, यांच्यावर ती बहुतेक ठिकाणी उभी असते.

यातलं काहीच आपल्याला परकं नाही. गाजर गवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातली. हवेतले कण गोळा करणारा टिळक एअर सॅम्पलर घडवला तो औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातल्या प्रा. एस. टी. टिळकांनी. वनस्पतिशास्त्राच्या ज्या विभागांत आजही परागकणांच्या नोंदी होतात, त्यांनी त्या प्रबंधात बंद न ठेवता तारीख आणि ठिकाणासह सर्वांना वाचता येतील अशा खुल्या कराव्यात. त्या नोंदी प्रोग्रामपर्यंत पोहोचवणारी लायब्ररी लिहिणारे तरुण पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत.